तीन जागी लिहिलेला वेग

चोन-तेरेक, वरची चौकी
२८ एप्रिल

कुतमान,

आधी 'प्रिय' लिहिलं होतं, मग खोडलं. दहा महिन्यांत ज्याने मोठ्या बहिणीचा एक फोन उचलला नाही त्याला प्रिय म्हणायला माझं पेन वळत नाही. तुझ्याबरोबर राहणाऱ्या मिरलानच्या फोनवरून बोलते म्हटलं, तर तू त्याला म्हणे सांगितलंस, "एजेला काय सांगायचं ते कागदावर लिहू दे. वाचावंसं वाटलं तर वाचीन." घे, लिहिते आहे. शुक्रवारी नोव्होसिबिर्स्कला मजूर घेऊन जाणाऱ्या गाडीत हे पत्र आणि आपाने दही वाळवून केलेल्या कुरुतची पिशवी टाकते. पिशवी ठेवून घेऊन पत्र परत पाठवायचा शहाणपणा करू नकोस. आपाची दोन्ही पोरं हट्टी निघाली तर त्या आईने जायचं कुठे?

आता कामाचं. हिवाळ्यानंतर चौकी उघडून आठवडा झाला आणि तळ्यावरच्या लोखंडी पेटीतलं तुझं मशीन सुरू होत नाही. हे पत्र तू फेकशील आणि मिरलान उचलून तुला वाचून दाखवील असा माझा अंदाज आहे. तो बिचारा विटा रचणारा माणूस, म्हणून त्यालाही समजेल असं लिहिते. मिरलान, त्या मशीनला पडदा नाही की कळफलक नाही. वीज आली की ते जागं होतं, आणि जागं होताना आपण काय काय करतोय ते एकेक ओळ करून सांगतं. ते सांगणं चारशे मीटर लांब तारेतून खाली चौकीत माझ्या लॅपटॉपवर येतं. अट एवढीच, की ज्या वेगाने ते बोलतं त्याच वेगाने मी ऐकलं पाहिजे. वेग चुकला की अक्षरांच्या जागी कचरा येतो. सध्या माझ्यापुढे तीन पानं कचरा आहे. चौकोन, उलटी प्रश्नचिन्हं, आणि मधेच कुठेतरी एखादं अक्षर. मग ते गप्प बसतं. तळ्याची पातळी नाही, पाण्याचं तापमान नाही, काही नाही.

हा वेग कुठे लिहून ठेवलाय? तुझ्या डोक्यात. ते डोकं कुठे आहे? सायबेरियात. मी सगळी कपाटं उपसली. तुझ्या वह्यांत बुद्धिबळाचे डाव आहेत, कुठल्याशा मुलीचा पत्ता आहे, आणि बॅटऱ्या कधी बदलल्या त्याच्या तारखा आहेत. वेगाचं नाव नाही. मी त्या फाइलला कधी हात लावलेला नाही, तेव्हा एजेनेच काहीतरी बिघडवलं असेल असं मनातसुद्धा आणू नकोस.

तळ्याचा बर्फ कडेने सुटायला लागलाय. खाली दोनशे दहा घरं आहेत आणि त्यातलं एक आपलं. मशीन उठलं नाही तर तळं फुटलं तरी गावातला भोंगा वाजणार नाही. तेव्हा आकडा कळव. राग तुझ्याकडेच ठेव, मला त्याची घाई नाही.

बुरुल

*

वरची चौकी
८ मे

कुतमान,

उत्तर नाही. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय. मिरलान म्हणतो, तू पत्र वाचलंस, घडी घातलीस, खिशात ठेवलंस आणि कामावर गेलास. कुरुत मात्र खाल्लंस.

मी एकेक वेग लावून बघितला. एक लाख पंधरा हजार दोनशेपासून सुरुवात केली आणि खाली खाली येत चोवीसशेपर्यंत पोचले. लॅपटॉपवर वेग लावायचा, वर चढून पेटीची वीज बंद करून चालू करायची, आणि कचरा बघायला धापा टाकत खाली यायचं. एका आकड्यामागे चारशे मीटर चढ आणि चारशे मीटर उतार. मी सत्तेचाळीस वर्षांची बाई आहे, शेळी नाही. नाकी नऊ आले. बाराशे तेवढा लावला नाही, कारण तो असूच शकत नाही. का असू शकत नाही ते विचारू नकोस.

आणि एकच गोष्ट तीन जागी लिहून ठेवायची ही कुठली रीत? आधी एक छोटा प्रोग्राम उठणार, तो मोठ्याला उठवणार, मोठा उठला की दारात बसून नाव विचारणारा तिसरा उठणार. तिघांनाही कुठल्या वेगाने बोलायचं ते वेगवेगळं सांगायचं. एकाला सांगितलं आणि दुसऱ्याला राहिलं, की पहिला स्वच्छ बोलतो आणि दुसरा बरळतो. तू मला हे दहा वेळा समजावलं होतंस, मला मान्य आहे. पण समजावताना तुझा जो चेहरा व्हायचा ना, त्यामुळे माझं अर्धं लक्ष उडायचं. तुला पाटीवर अंक गिरवायला मी शिकवलं, आणि तू मला शिकवताना उसासे टाकायचास.

सध्या तळ्याची पातळी मी काठीने मोजते, सकाळी एकदा आणि दुपारी एकदा. जिल्हा कचेरीतल्या अकमातोव साहेबांना कळवलं. ते म्हणाले, "बुरुल, तुम्ही अनुभवी आहात, काहीतरी करा." मी म्हटलं, साहेब, अनुभवाला वीज लागत नाही, मशीनला लागते. ते हसले आणि फोन ठेवला.

काल काल्बुबू-एनेंच्या घरून निरोप आला. १३ जूनला त्यांच्या नवऱ्याला, ओमुराली-आतांना जाऊन वर्ष होतंय, अश करणार आहेत, सगळ्या गावाला जेवण. आपल्या घरालाही बोलावणं आहे, म्हणजे आपाला आणि मला. निरोप आणणाऱ्याने दारातच बजावलं की त्या दिवशी तुझं नाव कुणी काढू नये. आपाने त्याला चहासुद्धा विचारला नाही. आपल्या आईने दारात आलेल्या माणसाला चहा न विचारता पाठवलं, असं मी जन्मात पहिल्यांदा बघितलं.

मी तरी काय करणार होते, सांग. गेल्या वर्षी अकरा जूनला भर दुपारी भोंगा वाजला तेव्हा चौकीत तू एकटा होतास. खाली त्यांच्या नातवाच्या लग्नाच्या पंगती बसल्या होत्या. माणसं ताटं टाकून टेकडीवर पळाली. ओमुराली-आताही पळाले, एक्याऐंशीव्या वर्षी. आणि तळ्यातून एक थेंब बाहेर आलेला नव्हता. दोन दिवसांनी त्यांचं हृदय बंद पडलं. तुला विचारलं तर तू म्हणालास, "मी बटण दाबलं नाही." बस. पुढे एक अक्षर नाही. चौकीप्रमुख म्हणून मला अहवालात काहीतरी लिहायलाच हवं होतं. 'कर्मचाऱ्याच्या हाताची चूक' असं लिहिलं. तुझ्या जागी दुसरा कुणी असता तरी हेच लिहिलं असतं.

आकडा पाठव.

बुरुल

*

वरची चौकी
१९ मे

कुतमान,

मिरलानचा फोन आला. म्हणाला, "एजे, त्याने कागद दिलाय, वाचतो." मी बसून घेतलं. म्हटलं, आता भाऊ काय काय सुनावतो ते ऐकू या. मी म्हटलं, वाच की. म्हणाला, "वाचला. बाराशे. एवढंच आहे."

अकरा महिन्यांत चार आकडे! त्यातले दोन शून्य.

आणि तेही चूक. बाराशे असू शकत नाही, कारण बाराशे मी स्वतः काढून टाकला होता. हो, काढला होता. पहिल्या पत्रात हात लावला नाही म्हणून लिहिलं ते खोटं होतं. आता हस पोटभर. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये चौकी उघडली तेव्हा शेगडी पेटत नव्हती, बोटं आखडली होती, आणि तुझं मशीन म्हातारीच्या गाऱ्हाण्यासारखं एकेक ओळ सांगत होतं. चार-चार मिनिटं नुसतं बघत बसायचं. मी तुला आदल्या वर्षीच विचारलं होतं, वेग वाढव ना, अडलंय कुठे? तू म्हणालास, "बाराशेच राहू दे एजे, त्याला कारण आहे." कारण सांगायला लागलास तेवढ्यात दूध उतू गेलं आणि मी उठले. मग पुन्हा ना मी विचारलं, ना तू सांगितलंस. शेवटी त्या दिवशी चिडून मीच नऊ हजार सहाशे केला, बाराशेच्या आठपट. फक्त पहिल्या जागी केला. चालू करून बघितलं तर सुरुवात झटकन आली आणि पुढचं बरळलं. म्हटलं, राहू दे, उरलेल्या दोन जागा नंतर बघू. त्या 'नंतर'ला मुहूर्त लागला नाही.

यात मी कुणाचं काय वाईट केलं? वेगच वाढवला, विष तर घातलं नाही. पण माझ्या हाताने नऊ हजार सहाशे केलेला असताना तो बाराशे कसा असेल? त्या वेगावर सुरुवातही आली नाही, म्हणजे तिन्ही जागी तू नवाच आकडा घातला असशील असं मी धरलं. तुला तिथे बसून जास्त कळतं का? तरी उद्या सकाळी लावून बघते. कचरा आला की तोच कागदावर उतरवून तुला पाठवते, बस वाचत.

बुरुल

*

वरची चौकी
२० मे

बाराशे लावला. सगळं आलं. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत स्वच्छ, तिघांचंही.

शेवटी एक प्रश्न होता. हिवाळ्यात वीज गेली तेव्हा काही नोंदी अर्धवट राहिल्यात, दुरुस्त करू का, हो की नाही? महिनाभर ते मशीन एवढ्याच उत्तरासाठी अडून बसलं होतं. मी हो म्हटलं. दहा मिनिटांत तळ्याची पातळी आली. माझ्या काठीच्या मापात आणि त्याच्या मापात चार बोटांचा फरक आहे.

पण तो बाराशे झाला कसा? मी फाइल उघडून बघणार आहे. बाकी नंतर लिहिते.

बुरुल

*

वरची चौकी
२७ मे

कुतमान,

फाइल मी त्याच दिवशी उघडली होती. पत्र लिहायला आठवडा लागला. दोनदा लिहून शेगडीत टाकलं.

जो कुणी बदल करेल त्याने शेजारी नाव आणि तारीख लिहायची, आणि जुनी ओळ पुसायची नाही, तिच्या आधी खूण करून तिला मुकी करून ठेवायची. ही शिस्त तू लावलीस तेव्हा मी तुला हसले होते. म्हटलं होतं, दोन माणसांच्या चौकीत कुणी काय केलं ते कळायला नाव कशाला लागतं? पण सवय लागली. त्यामुळे तिथे माझी ओळ होती. नऊ हजार सहाशे, बुरुल, १९ एप्रिल. तिच्या आधी खूण केलेली. आणि तिच्या खाली बाराशे, कुतमान, १२ जून.

१२ जून म्हणजे भोंगा वाजला त्याच्या दुसऱ्या दिवशी.

मग ते कारणही शोधलं, जे दूध उतू गेल्यामुळे ऐकायचं राहिलं होतं. भोंग्याचा जुना डबा त्याच तारेवर लटकतो. त्याला बाराशेशिवाय दुसरा वेग कळत नाही, आणि एक ठरावीक अक्षर लागोपाठ तीनदा ऐकू आलं की तो भोंगा वाजवतो. मी भोंग्याची तार काढून ठेवली, फक्त डब्यावरचा लाल दिवा जोडलेला ठेवला. पहिल्या जागी पुन्हा नऊ हजार सहाशे केला आणि पेटीची वीज बंद करून चालू केली. तो पहिला प्रोग्राम उठताना चौकट काढतो ना, सगळ्या आडव्या रेघांची? त्या रेघा डब्याला भलत्याच ऐकू गेल्या, एकसारख्या, लागोपाठ. दिवा लागला. मला वाटलं योगायोग असेल. पुन्हा केलं, पुन्हा लागला. मग वेग बाराशेवर आणला, शेजारी नाव आणि तारीख लिहिली, भोंग्याची तार जोडली आणि खाली येऊन बसले.

एप्रिलमध्ये मी चालू करून बघितलं तेव्हा भोंगा अजून जोडलेला नव्हता, आणि एरवी वीज गेली तरी पेटीतली बॅटरी मशीनला झोपू देत नाही. अकरा जूनला दुपारी वीज गेली तेव्हा पेटीसुद्धा बंद पडली होती. जाऊन लगेच आली. हे तू मला त्याच दिवशी सांगितलं होतंस आणि मी म्हटलं होतं, विजेचं काय घेऊन बसलास, वीज रोजच जाते.

म्हणजे भोंगा मी वाजवला. दोन महिने आधी, गारठलेल्या बोटांनी, चार मिनिटं वाचवायला. ओमुराली-आता माझ्यामुळे पळाले.

आणि तुला हे बारा तारखेलाच कळलं होतं. चौदा तारखेला मी अहवाल लिहीत होते तेव्हा तू टेबलाच्या पलीकडे उभा होतास, टोपी हातात घेऊन. मी 'हाताची चूक' असं लिहिलं आणि कागद तुझ्याकडे वळवला. तू वाचलास आणि म्हणालास, "ठीक आहे." अरे, ठीक कसलं आहे? कुणी सांगितलं होतं तुला हा मोठेपणा करायला? एक शब्द बोलला असतास. माझ्या तोंडावर फाइल मारली असतीस. मी ओरडले असते, नाही म्हटलं असतं, तुलाच खोटा पाडला असता, हे सगळं मान्य आहे. पण बोलायचं होतंस ना! मला न विचारता माझं पाप स्वतःच्या डोक्यावर घेऊन सायबेरियात निघून गेलास आणि वर माझाच फोन उचलत नाहीस. मी तुझ्यावर चिडू की स्वतःवर, हे मला आठ दिवसांत ठरवता आलेलं नाही.

एक गोष्ट अजून राहिली. ती लिहिली नाही तर हे पत्रही शेगडीत टाकावं लागेल. सही करताना माझ्या मनात आलं होतं. आपण एप्रिलमध्ये काहीतरी अर्धवट सोडलं होतं, असं आलं होतं. लॅपटॉप हाताशी होता, दोन मिनिटांचं काम होतं. मी उघडला नाही.

बुरुल

*

चोन-तेरेक, घर
५ जून

कुतमान,

तुझं पत्र आलं. या वेळी सहा ओळी आहेत, म्हणजे प्रगती आहे. चार ओळी तुझ्या कामाच्या आणि तिथल्या डासांच्या. उरलेल्या दोन मी इतक्या वेळा वाचल्या की पाठ झाल्या. "सांगणारच होतो. पण तेरा तारखेला ओमुराली-आता गेले, मग कोणत्या तोंडाने सांगू? मला वाटलं होतं आज ना उद्या तू स्वतः फाइल उघडशील. फोन मी त्यासाठीच उचलत नव्हतो, की आधी तू ती बघावीस."

वर्षभर वाट बघितलीस. आणि मी वर्षभर म्हणत होते की नाचता येईना अंगण वाकडं, हा चूक करून रुसून बसलाय.

अकमातोव साहेबांकडे गेले होते. सगळं सांगितलं, दोन्ही ओळी छापून नेल्या होत्या. त्यांनी दार लावलं. म्हणाले, "बुरुल, फाइल बंद झालीय. माणूस गेला, कर्मचारी गेला, गाव शांत आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची." मी म्हटलं, साहेब, मूठ माझी आहे आणि आत माझ्या भावाची मान आहे. ते म्हणाले, मग चौकी सोडावी लागेल, आणि कदाचित पोलीसही येतील, माणूस मेलाय. घरी जा, मशीन चालू झालंय ना, झालं तर मग.

हे ऐकून मला बरं वाटलं, हे तुझ्यापासून लपवत नाही. जिन्यावरून उतरताना मी मनात मांडणी करत होते. वेग आता ठीक आहे, भोंगा पुन्हा असा वाजणार नाही, तू तिथे कमावतो आहेस, आतांना कुणी परत आणू शकत नाही. सगळं कसं छान बसत होतं. बाजारात येईपर्यंत मी निर्दोष झाले होते.

घरी येऊन आपाला सांगितलं. ती बोर्सोक तळायला पीठ मळत होती. मी सुरुवातीपासून सांगितलं, वेग, तार, डबा, सगळं. तिला वेगाचं काय कळणार, पण तिने मधे एकदाही टोकलं नाही. सांगून झाल्यावर तिने पिठावर फडकं टाकलं, हात धुतले आणि म्हणाली, "वर्षभर मी त्या पोराच्या नावाने नमाजात माफी मागतेय. चुकीच्या पोराच्या नावाने मागत होते तर." बोर्सोक माझ्या वाटचे बशीत काढून ठेवले. तिने मला घराबाहेर काढलं असतं तर सोपं गेलं असतं.

अश आठ दिवसांवर आहे. काळे कपडे घातलेल्या काल्बुबू-एने त्या दिवशी पांढरा रुमाल बांधतील, आणि त्यानंतर कुणी त्या मरणाचं बोलत नाही. म्हणजे जे काही आहे ते त्याच्या आत सांगायचं, नाहीतर ते तुझ्या नावावर कायमचं राहील. मी जाणार आहे. काय बोलेन ते माहीत नाही. मला भीती वाटते कुतमान, आणि त्यामुळे मी दिवसभर सगळ्यांवर ओरडत असते. काल गाढवावरही ओरडले.

बुरुल

*

वरची चौकी
१४ जून

कुतमान,

सांगून आले.

सकाळी लवकर गेले, जेवणं सुरू व्हायच्या आधी, कारण लोकांच्या पोटात घास असताना सांगायचं मला धाडस नव्हतं आणि त्यांची पंगत दुसऱ्यांदा मोडायची नव्हती. आपा बरोबर आली. नको म्हटलं तर म्हणाली, "तुझ्यासाठी येत नाहीये. मला त्याचं नाव त्या घरात ऐकायचंय."

आवारात कढया चढल्या होत्या. तंबूत म्हाताऱ्या बायका बसल्या होत्या, आणि काल्बुबू-एनेंच्या डोक्यावर बांधायचा पांढरा रुमाल त्यांच्या नणंदेने नुकताच हातात घेतला होता. मी उभीच राहिले. बसा म्हणाले, बसले नाही. मी म्हटलं, भोंगा कुतमानने वाजवला नाही, मी वाजवला. बटण दाबून नाही, मशीनमधला एक आकडा न विचारता बदलून. त्याला ते दुसऱ्या दिवशी कळलं होतं आणि तो माझ्यासाठी गप्प बसला. मला शंका होती आणि मी बघितलं नाही. त्याच्या नावावर लिहून मोकळी झाले.

वेग, तार, रेघा यातलं काही सांगितलं नाही. आठ दिवस ते घोकलं होतं, आतांचा नातू शिकलेला आहे, त्याला पटेल असं सगळं जुळवून ठेवलं होतं. पण तिथे उभं राहिल्यावर ते सगळं सबबीसारखं वाटायला लागलं.

नातू तंबूच्या दारात उभा होता, ज्याचं लग्न होतं तो. गेल्या वर्षी त्याने तुला बाजारात कॉलर धरून ढकललं होतं, मला नंतर कळलं. तो बाहेर निघून गेला. एक म्हातारी पुटपुटायला लागली की आजच्या दिवशी हे कशाला. काल्बुबू-एनेंनी हाताने तिला थांबवलं.

त्या म्हणाल्या, "माझा म्हातारा एक्याऐंशीचा होता. भोंगा वाजला की पळायचं, असं तुम्हीच गावाला सांगितलं होतं, म्हणून तो पळाला. त्याचं मरण माझ्या घरचं आहे. ते मी तुला माफ केलं, या सगळ्यांच्या देखत. पण वर्षभर आम्ही एका पोराला शिव्या दिल्या, त्याच्या आईला विहिरीवर बघून वाट बदलली. ते वर्ष माझं नाही, मला ते माफ करता येत नाही. ज्याचं आहे त्याच्याकडे माग."

मग त्या उठल्या आणि आपाजवळ गेल्या. आपाचा हात धरून तिला वरच्या बाजूला, स्वतःच्या शेजारी बसवलं आणि तिला पहिला चहा स्वतः ओतून दिला. आपा रडत होती आणि तुझं नाव सांगत होती. कुतमान लहानपणी असा, कुतमान तसा. सगळ्या ऐकत होत्या. मी जेवायला थांबले नाही.

आज सकाळी चौकीवर आले आणि नवा अहवाल लिहिला. गेल्या वर्षी याच तारखेला याच टेबलावर तो दुसरा लिहिला होता. अकमातोव साहेबांना आणि त्यांच्या वरच्यांना, दोघांना पाठवला, म्हणजे मूठ झाकायला कुणाला जागा राहिली नाही. चौकी जाईल. मशीन रोज दोनदा बंद-चालू करून बघते, सगळं नीट उठतं. पुढे जो येईल त्याच्यासाठी तिन्ही जागा आणि कारण वहीत मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलंय. पोलिसांचं काय ते बघू. भीती अजून आहे, पण ओरडायचं मात्र थांबलंय.

आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते. सहा पत्रांत मी तुला रागावले, टोमणे मारले, आकडा मागितला, कबुली दिली, पण एक गोष्ट मागितली नाही. मला मोठ्या बहिणीने धाकट्याकडे काही मागायची सवयच नाही. काल्बुबू-एनेंनी सांगितलं म्हणून मागत नाहीये, त्यांनी फक्त पत्ता दाखवला. कुतमान, तुझं वर्ष मी घेतलं. तुझं गाव घेतलं, आईच्या हातचं जेवण घेतलं, तुझं नाव घेतलं. गाव आणि नाव काल परत दिलं, जेवण आपा देईल. वर्ष माझ्याकडून परत देता येत नाही. मला माफ कर.

घाई करू नकोस, मला बरं वाटावं म्हणून हो म्हणू नकोस, आणि या वेळी माझ्यासाठी गप्पही बसू नकोस. 'नाही' असेल तर 'नाही' लिही.

बुरुल